विशेष मुलांच्या फुटबॉलचे नियम : नवख्या प्रशिक्षकांसाठी (आणि माझ्यासारख्या जुन्या खोडांसाठीही)

पेठेतला_गोलकीपर

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरचा. पेठेतल्या एका तालमीच्या संघाचा गोल नऊ वर्षं राखला, शाहू स्टेडियमवर चिखलात लोळलो, गुडघा गेला तसा घरी बसलो. चार वर्षांपूर्वी एका विशेष शाळेतल्या बाई म्हणाल्या, "सर, आमच्या पोरांना फुटबॉल शिकवाल का?" लगेच हो म्हणालो. म्हटलं, नियम तर पाठच आहेत.

पाठ होते ते अकरा जणांच्या खेळाचे. त्यामुळे पहिलं वर्ष मी पोरांना जे शिकवलं, त्यातलं निम्मं त्यांच्या स्पर्धेत लागूच नव्हतं. गेल्या आठवड्यात दोन नव्या शिक्षकांचे फोन आले, त्यांचे प्रश्न अगदी माझ्या तेव्हाच्या प्रश्नांसारखेच होते. म्हणून हा धागा.

बौद्धिक अक्षमता असलेल्या खेळाडूंच्या स्पर्धा आपल्याकडे प्रामुख्याने स्पेशल ऑलिम्पिक्स भारततर्फे होतात. मूळ चळवळ १९६८ची, शिकागोच्या सोल्जर फील्डवर पहिले खेळ झाले, युनिस केनेडी श्रायव्हर यांच्या पुढाकाराने. सरावाला सहाव्या वर्षापासून घेता येतं, स्पर्धेत आठव्या वर्षापासून. वरची वयोमर्यादा नाही. आमच्या संघात एक खेळाडू छत्तीस वर्षांचा आहे, सगळे त्याला मामा म्हणतात.

फुटबॉल पाच, सात आणि अकरा जणांचा असतो. शाळांचे संघ बहुतेक पाच जणांचा खेळतात, म्हणून त्याचंच सांगतो.

मैदान जास्तीत जास्त ५० बाय ३५ मीटर, कमीत कमी ४० बाय ३०. गोल ४ मीटर रुंद, २ मीटर उंच. ८ ते १२ वयाला ४ नंबरचा चेंडू, पुढे ५ नंबरचा. संघात दहापर्यंत नावं देता येतात, मैदानावर गोलकीपर धरून पाच. पंधरा-पंधरा मिनिटांचे दोन हाफ, मध्ये पाच मिनिटं विश्रांती.

ऑफसाइड, म्हणजे चेंडू यायच्या आधीच समोरच्यांच्या बचावफळीपलीकडे उभं राहायला बंदी, इथे नाही. मी पहिले दोन महिने ऑफसाइड शिकवत होतो, हसा आता.

चेंडू बाजूच्या रेषेबाहेर गेला तर थ्रो नाही, पायाने आत मारायचा. तिथून थेट गोल झाला तर धरत नाहीत. समोरच्या संघाने पाच मीटर लांब राहायचं. पाच मीटर म्हणजे किती, हे आमच्या पोरांना सांगून कळत नाही. आम्ही मोठी पाच पावलं टाकायला लावतो आणि सगळे मिळून मोठ्याने मोजतो. सामन्यातही एक जण मोजतोच, पंच हसतात.

बदली खेळाडू कितीही वेळा. बाहेर आलेला पुन्हा आत जाऊ शकतो. फक्त चेंडू खेळात नसताना, पंचांनी खूण केल्यावर. हा नियम मुलांपेक्षा आपल्यालाच जास्त पाळावा लागतो. गोल खाल्ला की आपला हात आपोआप बाकाकडे जातो.

आता ज्यात माझा सगळ्यात जास्त घाम गेला, ते. हाफटाइमनंतर बाजू बदलते. तुम्हा-आम्हाला यात काही विशेष वाटत नाही. आमचा सगळ्यात जोरदार शॉट मारणारा पोरगा पहिल्याच स्पर्धेत दुसऱ्या हाफमध्ये सरळ आपल्याच गोलकडे निघाला, गोल मारला, दोन्ही हात वर करून माझ्याकडे धावत आला. त्याचं काय चुकलं? पंधरा मिनिटं आम्ही सगळे "तिकडं, तिकडं" म्हणून ज्या दिशेला ओरडत होतो, तिकडेच त्याने मारला. नियम त्याला कळला नव्हता असं नाही, मी दिशा शिकवली होती आणि गोल शिकवायचा राहिला होता.

तेव्हापासून आमच्या सरावात "तिकडं" हा शब्द बंद. आपला गोलकीपर दाखवायचा. "मामा कुठाय? मामाकडे मारायचा नाही." मामा बाजू बदलतो, तसा गोल बदलतो. शिवाय सरावात दर पाच मिनिटांनी शिट्टी मारून बाजू बदलायची, इतकी की त्याचं अप्रूपच राहू नये. आधी गोलच्या खांबाला पिवळं फडकं बांधत होतो, तेही चालतं. पण स्पर्धेत फडकं बांधू देतीलच असं नाही, मामा मात्र नेता येतो.

बाकीचं प्रतिसादांत बोलू.

विशेष_बाई

सर, धागा काढलात हे फार बरं झालं. मी २२ वर्षं विशेष शाळेत आहे, फुटबॉलमधलं मला काडीचं कळत नाही, पण शिकवण्याबद्दल दोन गोष्टी.

एका वेळी एकच सूचना, तीही तीन-चार शब्दांची. "अरे तू जरा मागे राहून त्याला कव्हर कर आणि मग चेंडू आला की पुढे दे" यातलं पोहोचतं फक्त "अरे". आधी करून दाखवा, मग हात धरून करून घ्या, मग सोडा.

आणि रेषा. रेषेच्या आत-बाहेर हे आमच्या मुलांना महिनोन्‌महिने समजेना. मग आम्ही डोंगर-पाणी सुरू केलं. मैदान म्हणजे डोंगर, रेषेबाहेर पाणी. चेंडू पाण्यात पडला की सगळे थांबतात. लहानपणी अंगणात खेळलेला खेळ असा कामी येईल असं वाटलं नव्हतं.

शिट्टीसाठी स्टॅच्यू. शिट्टी वाजली की जसे असाल तसे पुतळा. आठवडाभर फुटबॉल बाजूला ठेवून नुसतं एवढंच खेळलात तरी चालेल. स्वमग्न मुलांपैकी काहींना शिट्टीचा आवाज सहन होत नाही, कानावर हात घेऊन खाली बसतात. त्यांच्यासाठी हात वर करून रंगीत रुमाल दाखवायचा आणि स्पर्धेआधी पंचांना तसं सांगून ठेवायचं.

कोल्हापुरी_ठेचा

भावा, तू तोच ना, फायनलला पेनल्टी सोडून प्रेक्षकांकडे बघत बसलेला? 😄
थट्टा जाऊ दे, लई भारी काम करतोयस. मामाचं वाचून डोळ्यात पाणी आलं. रविवारी मैदानावर येतो, सरावाचे प्लास्टिकचे कोन मांडायला तरी उपयोगी पडेन.

पेठेतला_गोलकीपर

@कोल्हापुरी_ठेचा, पेनल्टीचं बारा वर्षं झाली रे, सोड की आता. ये रविवारी, सातला. कोन नकोत, पाण्याचे जार घेऊन ये.

@विशेष_बाई, डोंगर-पाणी उद्यापासूनच. बाई, हे मला चार वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर!

तिरपागडा

माफ करा, पण प्रामाणिक शंका. ऑफसाइड नाही, थ्रो नाही, छोटं मैदान, बदल्या हव्या तितक्या, आणि मी ऐकलंय की सगळ्यांनाच काहीतरी मिळतं. मग ही स्पर्धा की स्नेहसंमेलन? आणि पॅरालिम्पिकमध्ये ही मुलं का जात नाहीत?

शिट्टीवाला

पंच म्हणून काम करतो, अशा स्पर्धांतही केलंय, म्हणून उत्तर देतो.

ऑफसाइड फुटसालमध्येही (हॉलमधला पाच जणांचा फुटबॉल) नसतो आणि तिथेही बाजूचा चेंडू पायानेच आत येतो. फुटसालला कुणी स्नेहसंमेलन म्हणत नाही. धक्का दिला तर फाउल, हात लागला तर फ्री किक, पिवळं कार्ड, लाल कार्ड, सगळं आहे. मी लाल कार्ड दाखवलंय. त्या मुलाने ते हातात घेऊन बघितलं, परत दिलं आणि मुकाट्याने बाहेर गेला. एवढ्या शिस्तीत बाहेर जाणारा खेळाडू मला खुल्या स्पर्धांत अजून भेटायचाय.

खरा फरक गट पाडण्यात आहे. आधी छोटे प्राथमिक सामने होतात, त्यात संघातल्या प्रत्येकाला खेळवावं लागतं. त्यावरून जवळपास सारख्या ताकदीचे संघ एका गटात टाकतात, वय आणि मुलगे-मुली हेही बघून. एका गटात तीन ते आठ संघ. पहिल्या तिघांना पदक, चौथ्यापासून आठव्यापर्यंत रिबन. म्हणजे सर्वांत खालच्या गटातही सुवर्णपदक असतं आणि त्यासाठी तिथे अगदी जीव तोडून खेळतात. कुस्तीत ५७ किलोवाल्याला ९७ किलोवाल्यासमोर उभं करत नाही, तसंच हे.

यात गोची प्रशिक्षकांची होते. काही जण प्राथमिक सामन्यात चांगला खेळाडू मुद्दाम हळू खेळवतात, म्हणजे संघ खालच्या गटात पडेल आणि पदक सोपं. प्रामाणिक प्रयत्न न करणाऱ्यावर कारवाईची तरतूद नियमातच आहे. पण माझं वैयक्तिक मत विचाराल तर त्यात सगळ्यात वाईट गोष्ट ही की त्या पोराला आपण "हळू पळ" असं शिकवतो. त्याला एकदा शिकवलेलं तो विसरत नाही.

पॅरालिम्पिकचं थोडक्यात. सिडनी २०००मध्ये बौद्धिक अक्षमता गटातल्या बास्केटबॉलचं सुवर्ण स्पेनने जिंकलं. नंतर उघड झालं की १२पैकी १० खेळाडूंना अशी काही अक्षमता नव्हतीच. पदक काढून घेतलं, पण शिक्षा जगभरातल्या सगळ्याच बौद्धिक अक्षम खेळाडूंना झाली, ते थेट २०१२च्या लंडनपर्यंत पॅरालिम्पिकबाहेर होते. परत आले तेही अ‍ॅथलेटिक्स, जलतरण आणि टेबल टेनिसमध्ये. फुटबॉल त्यात नाही. पॅरालिम्पिकमध्ये जो फुटबॉल दिसतो तो दृष्टिहीनांचा.

तिरपागडा

कुस्तीचं उदाहरण पटलं. शब्द मागे घेतो, निदान निम्मे तरी.

निळी_शाई

मी डोंबिवलीची. खेळातलं काही कळत नाही, आई म्हणून विचारते. माझा मुलगा अकरा वर्षांचा, डाउन सिंड्रोम आहे. शाळेत फुटबॉल सुरू होतोय, तो हरखून गेलाय. पण एका नातेवाइकांनी सांगितलं की डाउन असलेल्यांनी हेडर (डोक्याने चेंडू) मारला तर मानेला धोका असतो. घाबरवायला म्हणाले की खरं आहे? शाळेतले सर म्हणतात "काही होत नाही हो ताई."

विशेष_बाई

निळी_शाई, नातेवाईक खरं बोलले, पण अर्धंच.

डाउन सिंड्रोम असलेल्या काहींच्या मानेतल्या पहिल्या दोन मणक्यांमधला सांधा सैल असतो. एक्स-रेमध्ये असं साधारण १० ते १५ टक्के जणांत दिसतं, प्रत्यक्ष त्रास होणारे त्याहून फार कमी, एक-दोन टक्के. ज्यांना तो आहे त्यांना मानेवर जोर येणारे खेळ मना असतात. हेडर त्यातच आला, पोहण्यात सूर मारणं आलं, कोलांटउड्या आल्या.

तेव्हा बालरोगतज्ज्ञ किंवा अस्थिरोगतज्ज्ञांकडे जाऊन मान तपासून घ्या आणि डॉक्टरांचं लेखी शाळेत द्या. चालताना तोल जायला लागला, हातापायात जोर कमी वाटला, मान वाकडी धरायला लागला, लघवीवरचा ताबा एकदम सुटला, तर खेळ जागच्या जागी थांबवून डॉक्टर. "काही होत नाही" म्हणणाऱ्या सरांना हा धागा वाचायला द्या.

पेठेतला_गोलकीपर

ताई, आमच्याकडे हेडर कुणालाच शिकवत नाही. पाच जणांच्या खेळात त्यावाचून काही अडत नाही. चेंडू उंच आला की छातीवर किंवा सोडून द्यायचा, खाली पडू द्यायचा. डाउनवाली तीन मुलं आहेत, तिघांचे कागद माझ्या पिशवीत असतात, प्रथमोपचाराच्या पेटीशेजारी.

पेटीवरून आठवलं. फिट्स येणारी मुलं आपल्या संघात असतातच. सकाळच्या सामन्याच्या धांदलीत गोळी चुकते, म्हणून बसमध्ये बसायच्या आधी पालकांना विचारून वहीत खूण करतो. मैदानावर फिट आली तर कुशीवर वळवायचं, आजूबाजूचं टणक सामान हलवायचं, घड्याळ बघायचं. तोंडात काही घालायचं नाही, दाबून धरायचं नाही. पाच मिनिटांवर गेली तर दवाखाना. आणि कांदा, चप्पल नाकाला लावायला पुढे येणाऱ्या काकांना हात जोडून लांब उभं करायचं. प्रत्येक मैदानावर असे एक काका असतातच.

मडगांवकार

धागा बरो जाला. आमच्या गोंयात फुटबॉल म्हणजे काय ते सांगायला नको, पण अशा मुलांच्या संघाबद्दल एवढं सविस्तर मराठीत पहिल्यांदाच वाचलं.

आम्ही सात जणांचा खेळतो. मैदान ७० बाय ५०पर्यंत, हाफ वीस-वीस मिनिटांचे. यंदा युनिफाइड संघ काढावा असं चाललंय, कॉलेजचे मुलगे यायला तयार आहेत. त्यात किती आपले, किती बाहेरचे? आणि कॉलेजची पोरं चेंडू सोडणार का, ही माझी खरी चिंता.

पेठेतला_गोलकीपर

दुखऱ्या जागेवर बोट ठेवलंत.

युनिफाइडमध्ये अक्षमता असलेले खेळाडू आणि नसलेले जोडीदार एकाच संघात. पाच जणांत ३ खेळाडू, २ जोडीदार. सात जणांत ४ आणि ३. अकरा जणांत ६ आणि ५. पूर्ण वेळ हेच प्रमाण. चेंडू खेळात असेपर्यंत मैदानावर जोडीदार वाढलेला चालत नाही.

मागच्या वर्षी एका जिल्ह्याच्या स्पर्धेत शेवटची चार मिनिटं राहिली होती, आम्ही एका गोलने पुढे. आमच्या एका पोराच्या पोटरीत गोळा आला, तो खाली बसला. मी बाकाकडे बघितलं आणि जो सगळ्यात आधी उभा राहिला त्याला आत ढकललं. तो जोडीदार होता. आता आत दोन खेळाडू, तीन जोडीदार. समोरच्या प्रशिक्षकांनी बोट दाखवलं, पंचांनी खेळ थांबवला, सामना गेला. नियमच तसा आहे, तक्रारीला जागा नाही. बाकावर आमचा आणखी एक खेळाडू बसलेला होता. शूज बांधून, तयार. त्याच्याकडे माझं लक्षच गेलं नाही.

घरी येईपर्यंत बसमध्ये कुणी मला काही बोललं नाही. पोरं गाणी म्हणत होती, त्यांना दुसऱ्या क्रमांकाचं पदक मिळालं होतं, ती खुशीत होती. मी मात्र त्या बांधलेल्या शूजकडे बघत बसलो.

तेव्हापासून बाकावर खेळाडू एका बाजूला, जोडीदार दुसऱ्या बाजूला, मध्ये पाण्याचा जार. आत जाणाऱ्याचं नाव मी बोलत नाही, आमच्या शाळेतल्या बाई बोलतात. त्यांच्या हातात यादी असते.

कॉलेजच्या पोरांचं म्हणाल तर घरचा एक नियम सांगतो, पुस्तकातला नाही. सरावात जोडीदाराला चेंडूला दोनच स्पर्श, आणि गोल मारायचा नाही, मारू द्यायचा. पहिल्या महिन्यात तीन पोरं सोडून गेली. उरली ती सोन्यासारखी आहेत.

शिट्टीवाला

पेठेतला, तुमच्या घरच्या नियमात थोडी भर. जोडीदाराने उगीच हळू खेळून, चेंडू हातात आणून दिल्यासारखाही द्यायचा नाही. खेळाडूंच्या ते लक्षात येतं आणि त्यांना राग येतो. म्हणून जोडीदार निवडतानाच वयाने आणि कौशल्याने जवळचे निवडा, कॉलेजच्या पहिल्या संघातला स्ट्रायकर नको.

श्प्रेकाठचा

बर्लिनहून. जून २०२३मध्ये इथे स्पेशल ऑलिम्पिक्सचे जागतिक खेळ झाले, १७ ते २५ तारखेपर्यंत, २६ खेळ आणि सुमारे सात हजार खेळाडू. भारताने २०२ पदकं नेली. मी एक दिवस रजा टाकून फुटबॉल बघायला गेलो होतो, सोबत मुलगी होती. एका सामन्यात गोलकीपरने चेंडू अडवला आणि दोन्ही संघांच्या बाकांवरून टाळ्या पडल्या. मुलगी म्हणाली, "बाबा, यातला आपला कोणता?" मलाही पटकन सांगता येईना.

एक प्रश्न. ज्या मुलांना संघात खेळणं जमतच नाही, म्हणजे गर्दीत गोंधळतात, त्यांना काय?

विशेष_बाई

त्यांच्यासाठी वैयक्तिक कौशल्य स्पर्धा असते. चेंडू पायाने ढकलत न्यायचा, गोल मारायचे, धावत जाऊन मारायचं, असे तीन प्रकार आणि तिन्हीच्या गुणांची बेरीज. गोल मारण्यात पाच संधी, प्रत्येक गोलला दहा गुण. समोर कुणी अंगावर येत नाही, चेंडू आपला. आमची एक मुलगी तीन वर्षं फक्त एवढंच खेळली. चौथ्या वर्षी स्वतःहून येऊन संघाच्या रांगेत उभी राहिली. काही जण कायम तिथेच राहतात, तेही ठीकच. पुढे ढकलायची घाई पालकांना असते.

तिरपागडा

अवांतर : "मतिमंद" लिहायचं नाही का आता? शाळांच्या पाट्यांवर अजून आहे.

विशेष_बाई

पाट्या जुन्या आहेत. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात शब्द बौद्धिक अक्षमता असा आहे. मैदानावर मात्र "खेळाडू" म्हणा, तेवढं पुरतं.

निळी_शाई

सगळ्यांचे आभार. काल डॉक्टरांकडे जाऊन आलो, एक्स-रे झाला. सांधा व्यवस्थित आहे, खेळायला लेखी परवानगी दिली, हेडर नको हे डॉक्टरांनीही सांगितलं. कागदाची एक प्रत सरांना दिली, एक माझ्या पर्समध्ये.

पार्किंगमध्ये दोन बादल्या ठेवून बाजू बदलायचा सराव सुरू केलाय. तुमच्या "मामा"च्या जागी आमचे आजोबा खुर्चीवर बसतात, आजोबांकडे मारायचा नाही. दर पाच मिनिटांनी मी टाळी वाजवते आणि आजोबा खुर्ची उचलून पलीकडे जातात. आजोबा दमतात, हा नाही दमत.

आज दुपारी जेवताना अर्धी पोळी झाल्यावर ताट घेऊन उठला आणि टेबलाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसला. म्हटलं काय झालं? म्हणाला, "हाफटाइम." आणि आजोबांनाही उठवलं.

कोल्हापुरी_ठेचा

😂😂 आजोबांना बदली खेळाडू द्या ताई, कितीही वेळा चालतो म्हणे!